कोकणच्या खाऱ्या हवेत टिकेल अशी स्किड प्लेट स्वतः कशी बनवावी

रायगड, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात जी मंडळी थार, जिप्सी, जिम्नी अथवा बोलेरो घेऊन सड्यावरच्या कातळातून, चिरेखाणींच्या रस्त्यांवरून आणि वाड्यांकडे उतरणाऱ्या कच्च्या वाटांवरून फिरतात, त्यांना गाडीच्या पोटाखाली दगड घासल्याचा आवाज परिचयाचा असतो. इंजिनाचे ऑइल ज्यात साठते तो संप पातळ पत्र्याचा किंवा ओतीव अ‍ॅल्युमिनिअमचा असतो आणि जांभ्याच्या एका टोकदार दगडाने तो फुटला, तर गाडी जागच्या जागी थांबवावी लागते. म्हणून इंजिनाच्या खाली बसवायची संरक्षक प्लेट, जिला सगळेच स्किड प्लेट म्हणतात, ती धातुकाम शिकू पाहणाऱ्यासाठी पहिले काम म्हणून मला सर्वांत योग्य वाटते. ती बहुतांशी सपाट असते, नट-बोल्टने बसते, चुकली तर काढून पुन्हा करता येते आणि तिच्यावर गाडीचे ब्रेक किंवा स्टिअरिंग अवलंबून नसते.

नवशिक्यांचे सगळे लक्ष पत्र्याच्या जाडीकडे असते. किनाऱ्यावर मात्र प्लेट किती वर्षे टिकणार हे जाडीपेक्षा फटी, पाण्याचा निचरा आणि गंजापासूनचे संरक्षण यांवर ठरते. खालच्या सगळ्या पायऱ्या हेच ध्यानात ठेवून लिहिल्या आहेत.

काय बनवू नये

स्टिअरिंगचे दांडे, ब्रेकचे भाग, सस्पेन्शनचे आर्म, सीट बेल्ट जिथे बांधलेला असतो ते कंस आणि टोइंग हुक यांपैकी काहीही घरी बनवू नये. वेल्डिंगचा चांगला हात बसल्यानंतरही नाही. गाडीच्या चासीवर थेट वेल्डिंग करणेही टाळावे, कारण उष्णतेने तिथल्या पोलादाचा गुणधर्म बदलतो, आतला कारखान्याचा रंग जळतो आणि त्या जागी आतून गंज सुरू होतो, जो बाहेरून दिसत नाही.

पुढचे बुल बार आणि क्रॅश गार्ड यांच्या वाटेला जाऊ नये. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून त्यांच्यावर कारवाई करण्यास सांगितले होते. पादचाऱ्यांना त्यांच्यापासून असलेला धोका हे त्यामागचे एक मुख्य कारण. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. स्किड प्लेट गाडीच्या बाहेर डोकावत नाही आणि चार बोल्ट सोडवून काढता येते. तरीही काम हाती घेण्यापूर्वी आपल्या आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्यावे.

गाडीखाली शिरून मोजमाप

गाडी सपाट आणि टणक जमिनीवर घ्यावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक स्टँड लावावेत आणि चाकांना आडवे ठोकळे द्यावेत. कोकणातल्या अंगणाची माती पावसाळ्यात भुसभुशीत होते आणि स्टँडचा पाय तिच्यात रुततो, त्यामुळे स्टँडखाली जाड फळी किंवा प्लेट ठेवणे आवश्यक आहे.

प्रथम खालचा भाग धुऊन वाळवावा आणि मग मूळ भोके शोधावीत. बहुतेक गाड्यांच्या पुढच्या आणि मागच्या क्रॉस मेंबरवर, म्हणजे चासीच्या आडव्या दांड्यांवर, कारखान्यातूनच आटे असलेली भोके असतात. कंपनीची पातळ प्लेट किंवा प्लॅस्टिकचे आवरण त्यांच्यावर बसलेले असते, आणि आपली प्लेटही शक्यतो त्यांच्यावरच बसवावी. आटे नसलेले पण मोकळे भोक सापडले, तर पट्टीवर नट वेल्ड करून ती पट्टी चासीच्या पोकळीत सरकवावी आणि बोल्ट खालून घ्यावा. यामुळे चासीला नवे भोक पाडावे लागत नाही.

त्यानंतर काय काय हलते ते पाहावे. इंजिन रबरी माउंटिंगवर असते आणि गिअर टाकताना किंवा उडी बसताना खाली-वर होते, म्हणून संप आणि प्लेट यांच्यात निदान २५ मिलिमीटर अंतर ठेवावे. सायलेन्सरचा पाइप किंवा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जवळ असेल, तर ते खूप तापत असल्याने अंतर याहून बरेच जास्त हवे आणि तिथे प्लेट पूर्ण बंद ठेवू नये. जिप्सी आणि जिम्नीसारख्या गाड्यांत पुढचा अ‍ॅक्सल अखंड असतो आणि तो चाकांबरोबर वर येतो. त्याच्या वाटेत प्लेटची कड आली तर पहिल्याच खड्ड्यात दोन्ही आपटतील. ऑइल काढण्याचा बोल्ट आणि फिल्टर कुठे आहेत याच्या खुणा आताच कराव्यात, कारण त्यांच्याखाली हात आणि पाना जाईल एवढी खिडकी ठेवावी लागेल.

पुठ्ठ्याचा साचा

मोजमापे कागदावर कितीही नीट उतरवली तरी थेट पत्रा कापू नये. आधी पुठ्ठ्याचा साचा करावा. आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा लहान पडतो. फ्रिज किंवा वॉशिंग मशीनच्या खोक्याचा दुहेरी पुठ्ठा उत्तम. तो गाडीखाली धरून बोल्टच्या जागा टोचाव्यात, जिथे वळण हवे तिथे पट्टी ठेवून दुमडावा आणि खरोखर बोल्ट लावून टांगावा. मग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे स्टिअरिंग फिरवून काही अडते का ते पाहावे. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पुठ्ठा मऊ पडून लोंबतो आणि मापे चुकतात. त्या दिवसांत तीन मिलिमीटरचा प्लायवुड वापरावा आणि वळणाच्या जागी कापडी चिकटपट्टीने जोडावा.

या साच्यावर घालवलेला वेळ कधी वाया जात नाही. पुढचे निम्मे काम इथेच होते, असे म्हटले तरी चालेल.

कोणता धातू, किती जाड

साध्या माइल्ड स्टीलची, म्हणजे आयएस २०६२ प्रतीची चार मिलिमीटर जाडीची प्लेट नवशिक्याने घ्यावी. ती सहज कापता येते, सहज वेल्ड होते आणि रत्नागिरीजवळच्या मिरजोळे, चिपळूणजवळच्या खेर्डी किंवा कुडाळच्या एमआयडीसीच्या आसपास चौकशी केल्यास मिळण्यासारखी आहे. वजनाचा हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटर पोलादाचे एक मिलिमीटर जाडीला वजन ७.८५ किलो भरते. म्हणजे ८०० बाय ६०० मिलिमीटरची प्लेट तीन मिलिमीटर जाडीत ११.३ किलो, चारमध्ये १५ किलो आणि सहामध्ये २२.६ किलो होईल. हे सगळे वजन पुढच्या स्प्रिंगांवर येते, म्हणून ‘जाड तेवढे बरे’ या समजुतीने सहाची प्लेट घेऊ नये. तीनच्या प्लेटला खाली लांबीच्या दिशेने दोन वळणे दिली, तर ती सपाट चारपेक्षा जास्त ताठ होते.

सहा मिलिमीटर अ‍ॅल्युमिनिअमची तेवढीच प्लेट ७.८ किलोत बसते आणि दगडावरून घसरतेही छान. तरीही किनाऱ्यावरच्या पहिल्या कामासाठी मी ती सुचवणार नाही. एक तर तिचे वेल्डिंग साध्या रॉडच्या मशिनवर नीट होत नाही. शिवाय पोलादी बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनिअम यांच्यामध्ये खारे पाणी आले की दोन धातूंत विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि बोल्टभोवतीचे अ‍ॅल्युमिनिअम पांढऱ्या भुकटीसारखे झडू लागते.

भंगारातून जुनी प्लेट घेण्यास हरकत नाही, पण खड्डे पडलेली घेऊ नये. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा असेल, तर वेल्डिंगच्या जागेवरचा मुलामा दोन्ही बाजूंनी घासून काढावा, कारण जळत्या जस्ताचा पांढरा धूर श्वासात गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो.

कापणे, भोके आणि वळणे

साचा प्लेटवर ठेवून साबणखडूने रेषा माराव्यात आणि बोल्टच्या जागी सेंटर पंचाने खोल खूण करावी. ग्राइंडरला एक मिलिमीटरचे कापायचे चाक लावावे. चाकावर लिहिलेली कमाल गती ग्राइंडरच्या गतीपेक्षा कमी नसावी, त्यावरची मुदत उलटलेली नसावी आणि ग्राइंडरचे गार्ड कोणत्याही कारणाने काढू नये. आपल्याकडे अनेक दुकानांत गार्ड काढून कोपऱ्यात टाकलेले दिसते. ते पाहून शिकू नये. चाक तिरके झाले की फुटते आणि तुकडा थेट तोंडावर येतो. चेहऱ्यावर शील्ड, त्याखाली चष्मा आणि कानात बोळे हवेतच.

भोक पाडताना आधी चार मिलिमीटरचे आणि मग अंतिम मापाचे ड्रिल वापरावे, गती कमी ठेवावी आणि तेलाचे थेंब देत राहावे. एम १० (दहा मिलिमीटर जाडीच्या) बोल्टसाठी ११ मिलिमीटरचे आणि एम ८ साठी ९ मिलिमीटरचे भोक योग्य. पुढचे एक भोक गोल ठेवावे आणि बाकीची तीन-चार मिलिमीटर लांबट करावीत. हाताने केलेल्या कामात तेवढा फरक पडतोच. प्रत्येक भोकाची आणि कडेची धार कानशीने मोडावी. धारेवर रंग टिकत नाही, तो पातळ होतो, आणि गंज तिथूनच सुरू होतो.

चार मिलिमीटरची प्लेट घरी शिकंजात धरून ठोकून वाकवू नये, वळण वेडेवाकडे येते. बेंडिंग मशीन असलेल्या फॅब्रिकेटरकडे ती न्यावी आणि आतली त्रिज्या किमान प्लेटच्या जाडीएवढी ठेवण्यास सांगावे. वळणात पत्रा थोडा ताणला जातो, हे मापात धरावे लागते. त्यासाठी त्याच प्लेटची शंभर मिलिमीटर लांब पट्टी आधी काटकोनात वाकवून घ्यावी आणि दोन्ही बाजू बाहेरून मोजाव्यात. बेरीज साधारण १०७ आली, तर त्या मशिनवर काटकोनी वळणामागे सात मिलिमीटर वजा करायचे. स्किड प्लेटची वळणे सहसा वीस-तीस अंशांचीच असतात आणि त्यांत हा फरक एक-दीड मिलिमीटरवर येतो.

वेल्डिंग

मूळ प्लेटला वेल्डिंग फारसे लागत नाही. बोल्टचे कंस, मधल्या ताठपणासाठीची पट्टी आणि बोल्टच्या डोक्याभोवतीची कडी एवढीच जोडणी असते. पण नवशिक्याचा खरा अभ्यास इथेच होतो.

साध्या इन्व्हर्टर वेल्डिंग मशिनवर ई ६०१३ रॉड वापरावा. २.५ मिलिमीटरचा रॉड ७० ते ९० अँपिअरवर आणि ३.१५ चा १०० ते १२० वर चालतो. वीजदाब कमी असेल तर आकडा थोडा वर घ्यावा लागतो. ई ७०१८ रॉड अधिक मजबूत जोड देतो, पण तो भट्टीत ३०० अंशांच्या वर वाळवलेला असावा लागतो आणि कोकणच्या हवेत उघडे पाकीट काही तासांतच ओल शोषते. म्हणून घरगुती कामाला ६०१३ च बरा. त्याचेही पाकीट हवाबंद डब्यात ठेवावे. ओलसर रॉडचा जोड वरून नीट दिसला तरी आत सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहतात.

पहिले जोड टाकाऊ तुकड्यांवर मारावेत. काळ्या काचेतून पाहताना नवशिक्याची नजर ठिणगीच्या झोतावर खिळते, ती रॉडच्या टोकामागच्या वितळलेल्या डबक्यावर हवी. डबके चकचकीत आणि पातळ दिसते. त्याच्या मागून स्लॅगचा, म्हणजे रॉडच्या लेपाच्या वितळलेल्या मळीचा, गढूळ, लालसर थर सरकत येतो. डबक्याच्या दोन्ही कडा दोन्ही तुकड्यांत शिरलेल्या दिसल्या की पुढे सरकावे. टोक प्लेटपासून रॉडच्या जाडीएवढेच दूर ठेवावे. करंट कमी असेल तर जोड प्लेटवर नुसता उंच बसतो आणि कडेला मिसळत नाही. जास्त असेल तर जोडाच्या कडेला प्लेट खाल्ली जाऊन चर पडते.

आपला जोड खरोखर धरतो का, हे कळायला एक सोपी परीक्षा आहे. दोन पट्ट्या काटकोनात उभ्या धरून एकाच बाजूने वेल्ड कराव्यात, थंड होऊ द्याव्यात आणि हातोडीने जोडावर उलट्या पाडाव्यात. तुटलेल्या जागी पट्टीची मूळ सरळ कड जशीच्या तशी दिसली, तर मुळापर्यंत काही वितळलेच नव्हते. कड विरघळून खडबडीत झालेली दिसेपर्यंत सराव चालू ठेवावा आणि त्यानंतरच खऱ्या प्लेटला हात लावावा.

कंस गाडीवर फक्त टांगून, खुणा करून घ्यावेत. टाके (जागा पक्की करणारे छोटे वेल्ड) मारायचे आणि पूर्ण वेल्डिंग करायचे ते गाडीपासून दूर. गाडीवर करंट सोडला तर इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट जळण्याची भीती असते, आणि पेट्रोलची नळी किंवा टाकी जवळ असताना ठिणगी उडवणे कोणीही करू नये. टाके मारल्यावर प्लेट पुन्हा गाडीवर लावून पाहावी. मग तीन-चार सेंटिमीटरचे तुकडे एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला असे मारावेत, म्हणजे उष्णता एका जागी साठून प्लेट पिळत नाही.

विजेचा धोका पावसाळ्यात वाढतो. घामाने भिजलेले हातमोजे, ओली जमीन आणि स्लिपर घातलेले पाय, अशा स्थितीत मशीन सुरू करू नये. कोरडे चामडी हातमोजे, रबरी तळाचे बूट आणि उभे राहायला कोरडी फळी हवी. कपडे सुती असावेत. काच दहा किंवा अकरा नंबरची घ्यावी आणि आसपास मुले उभी राहू देऊ नयेत; नुसते पाहत राहिल्यानेही रात्री डोळ्यांत वाळू टोचल्यासारखी आग होते.

फटी बंद करणे आणि पाणी बाहेर काढणे

घाटावरच्या गाडीला ताठपणाची पट्टी अंतराअंतराने टाके मारून जोडली तरी निभावते. किनाऱ्यावर ते चालत नाही. दोन टाक्यांच्या मधे पट्टी आणि प्लेट यांच्यात केसाएवढी फट राहते, तिथे रंग पोहोचत नाही, पाणी मात्र पोहोचते आणि बाहेर पडत नाही. पहिल्या पावसाळ्यातच त्या फटीतून रंगावर तपकिरी ओघळ उतरलेला दिसतो. तोवर आत गंज फुगून पट्टीला उचलू लागलेला असतो. म्हणून ताकदीसाठी गरज नसली तरी प्रत्येक जोड चहूबाजूंनी सलग बंद करावा. जिथे ते शक्य नाही, तिथे प्रायमरनंतर पॉलियुरेथेन सीलंटने फट भरावी.

याच कारणाने चौकोनी पाइपापेक्षा उघडी पट्टी किंवा अँगल वापरणे मला पसंत आहे. पाइप आतून रंगवता येत नाही. वापरावाच लागला तर दोन्ही टोके पूर्ण बंद करावीत, किंवा सर्वांत खालच्या जागी निचऱ्याचे भोक ठेवावे. अर्धवट बंद पाइप सर्वांत वाईट.

प्लेटच्या वरच्या बाजूला चिखल, वाळू आणि पालापाचोळा साचतो. ओली वाळू मीठ धरून ठेवते आणि प्लेट रात्रंदिवस ओली राहते. त्यासाठी मागच्या कडेला, जिथे पाणी उतारावरून जाईल तिथे, बोटभर रुंद लांबट खाचा ठेवाव्यात आणि वरून पाण्याची नळी घालता येईल अशी जागा सोडावी. खाचा पुढच्या, म्हणजे दगड आपटणाऱ्या उतारावर काढू नयेत. तिथे दगडाची कड अडकते. बोल्टची डोकी खाली लोंबू देऊ नयेत, नाहीतर कातळावर घासून त्यांचे कोपरे जातात आणि मग पाना बसत नाही. डोक्याभोवती जाड पट्टीची कडी वेल्ड केली की दगड कडीवरून सरकतो.

जस्त आणि रंग

कातळावर घासलेल्या प्लेटचा रंग जाणारच, हे धरूनच संरक्षण निवडावे लागते. नुसता रंग खरवडला गेला की तिथले पोलाद उघडे पडते. जस्ताचे तसे नाही. जस्त आणि पोलाद एकत्र ओले झाले की आधी जस्त झिजते आणि शेजारच्या ओरखड्यातले पोलाद वाचते. समुद्रात जाणाऱ्या लोखंडी बोटींच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात, तेही याच तत्त्वावर.

सर्वांत टिकाऊ उपाय म्हणजे हॉट-डिप गॅल्व्हनायझिंग. यात सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात भाग बुडवतात आणि तीन ते सहा मिलिमीटरच्या पोलादावर साधारण ७० मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) थर बसतो. सगळे कापणे, वेल्डिंग आणि भोके आधी पूर्ण करावीत. भोके किंचित मोठी ठेवावीत. बंद पोकळी असेल तर तिला हवा जाण्याचे भोक असलेच पाहिजे, नाहीतर आतली हवा आणि ओल तापून भाग फुटू शकतो. भट्टीवर पाठवताना हे आवर्जून सांगावे.

भट्टी परवडत किंवा सापडत नसेल, तर झिंक-रिच (जस्ताची भुकटी भरपूर असलेला) प्रायमर, त्यावर इपॉक्सी आणि वरून पॉलियुरेथेन असा क्रम घ्यावा. नुसता रेड ऑक्साइड आणि वर काळा ऑइल पेंट ही आपल्याकडची नेहमीची पद्धत खिडकीच्या ग्रिलला ठीक आहे, गाडीच्या पोटाला पुरत नाही. झिंक-रिच प्रायमर स्वच्छ, खडबडीत पोलादावरच काम करतो. नव्या प्लेटवरची निळसर काळी पापडी आधी ग्राइंडरच्या फ्लॅप चाकाने किंवा सँड ब्लास्टिंगने पूर्ण काढावी, वेल्डिंगचा स्लॅग आणि शितोडे झडवावेत, थिनरने तेल पुसावे. त्यानंतर गोड्या पाण्याने धुऊन लगेच वाळवावे, कारण किनाऱ्यावर उघड्यावर ठेवलेल्या प्लेटवर डोळ्यांना न दिसणारे मीठ बसलेले असते आणि त्यावर मारलेला रंग काही महिन्यांत फोड येऊन सुटतो. सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना रंगवू नये. कोकणात याचा व्यवहारातला अर्थ असा, की रंगकाम डिसेंबर ते मार्च या काळात, सकाळचे दव उडून गेल्यावर करावे आणि पुढचा थर त्याच दिवशी डब्यावर दिलेल्या वेळेत द्यावा.

बसवणे आणि पुढची निगा

बोल्ट ८.८ प्रतीचे, जस्ताचा मुलामा असलेले घ्यावेत. साधा ३०४ प्रतीचा स्टेनलेस बोल्ट दिसायला चांगला असतो, पण तो या प्रतीइतका मजबूत नसतो आणि खाऱ्या हवेत त्यालाही बारीक खड्डे पडतात. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारे वंगण) लावावे, डोक्याखाली जाड वॉशर घ्यावेत, सगळे बोल्ट आधी हाताने बसवून मग तिरप्या क्रमाने आवळावेत. मूळ भोकांतले बोल्ट गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कवर, म्हणजे आवळण्याच्या ठरवून दिलेल्या जोरावर, घट्ट करावेत. ग्रीस लावलेला बोल्ट त्याच जोरात जास्त ताणला जातो, म्हणून हात थोडा आखडता ठेवावा. इंजिन सुरू करून काही थरथरते किंवा घासते का ते ऐकावे, आणि पहिल्या खडबडीत फेरीनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत.

वाळूवर किंवा खाडीकाठच्या चिखलात गाडी गेली, तर घरी येताच प्लेटच्या वरून आणि खालून गोड्या पाण्याने धुवावे. किनाऱ्यावर गाडी उतरवण्यास अनेक ठिकाणी मनाई आहे आणि वेळास, आंजर्ल्यासारख्या ठिकाणी ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, त्यामुळे परवानगी असल्याशिवाय वाळूत उतरूच नये. वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या अखेरीस आणि दसऱ्याच्या सुमारास, प्लेट पूर्ण काढावी. वरची माती खरवडून काढावी, जोडांच्या कडा नखाने तपासाव्यात, उघड्या ओरखड्यांवर तारेचा ब्रश मारून झिंक-रिच प्रायमर लावावा आणि ज्या बोल्टच्या आट्यांवर लाल गंज आला आहे तो घासून परत न वापरता सरळ नवा घ्यावा.